मांडवात आलेला फौजदार

जिंतूर पोलीस ठाण्यात फौजदार असतानाचा तो साखरपुडा इतक्या वर्षांनीही माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. नावं सांगणार नाही. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच, आणि लिहायची सवय रिपोर्टापुरती. जमेल तसं सांगतो.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतर आंदोलनाची ती अखेरची वर्षं. बंदोबस्तावरून परतून आम्ही नुकतेच ठाण्यात टेकलो होतो. दारात एक मुलगी घुटमळत होती. बी.ए.ला शिकणारी.

"साहेब, फौजदारानं घरी येऊन पैसे मागायचे असतात का?"

तिचे वडील सरकारी कचेरीत कारकून. मुंबईला नोकरीत असताना बँकेनं त्यांना क्रेडिट कार्ड दिलं होतं. बायकोच्या ऑपरेशनचा खर्च त्यावर केला. पुढे इकडे बदली झाली, भरणा थकला, व्याज चढत गेलं. आता दोन वसुलीवाले घरी येत. त्यातला एक खाकी पँट आणि तांबडे बूट घालून स्वतःला फौजदार म्हणवत होता. रविवारी मुलीचा साखरपुडा, म्हणजे सुपारी फुटायची होती. "त्याआधी सगळी रक्कम द्या, नाहीतर भर मांडवातून बेड्या घालून नेतो," असा त्याचा दम.

वडिलांना बोलावून घेतलं. ते फिर्याद द्यायला तयार होईनात.

"नको साहेब. बोभाटा झाला तर सोयरीक मोडंल."

मी समजावलं, थकलेलं देणं हा दिवाणी मामला, त्यासाठी असं कुणी बेड्या घालत नाही. पण पोलीस असल्याची बतावणी करून धमकावणं हा गुन्हा आहे. शेवटी मुलगीच म्हणाली, "बाबा, करा सही."

"वसुलीवाल्यांना सुपारीचा दिवस कळला कसा?" सही झाल्यावर मी वडिलांना विचारलं.

"मीच सांगितला, साहेब. म्हणलं, तेवढा दिवस जाऊ द्या."

भ्यालेला माणूस दया मागताना आपली दुखरी जागाच दाखवून देतो, हे मी नंतरही पुष्कळदा पाहिलं.

सोयरिकीच्या कार्यक्रमात निम्मी माणसं निम्म्यांना ओळखत नसतात. वसुलीवाल्यांना तिथे शिरणं सोपं होतं, तसं आम्हालाही. रविवारी स्टेशन डायरीत नोंद केली, दोन पंच घेतले आणि साध्या कपड्यांत मांडवात जाऊन बसलो. आमचे जमादार गुलाबी फेटा बांधून दाराशी पाहुण्यांना अत्तर लावत होते.

दोघे आले. खाकीवाल्यानं फेट्याकडे पाहून विचारलं, "नवरदेवाचे कोण तुम्ही?"

"चुलता. या, बसा की."

"बसायला नाही आलो. मुलीच्या बापावर वॉरंट आहे. सोयरीक करायच्या आधी विचारा त्याला, बँकेचे पैसे कुठं गेले."

"आरं देवा! आन् तुमी कोण, साहेब?"

"फौजदार."

"बक्कल नंबर?"

त्यानं छाती काढून एक आकडा सांगितला. जमादार पोट धरून हसायला लागले. बक्कल नंबर शिपायाला असतो, जमादाराला असतो; फौजदाराला नसतोच.

"साहेब, या इकडं!" त्यांनी मला हाक मारली. "तुमच्या बरोबरीचा अधिकारी आलाय. नंबर मातर माझ्यावानी हाय!"

पंचांसमक्ष झडती घेतली. वॉरंट म्हणून खिशात निघाला तो बिनशिक्क्याचा टाइप केलेला कागद. जीपपाशी उभं करून विचारलं, तेव्हा खाकीवाला कबूल झाला.

"मालकानंच खाकी घालायला लावली, साहेब. म्हणाला, लोक लवकर देतात."

त्या जबाबावरून पुढे वसुलीचा ठेका घेणारा मालकही आत गेला.

आम्ही जीपपाशीच होतो, तेवढ्यात गडबड ऐकून नवरदेवाचे वडील बाहेर आले. आपण चुलता बनून त्या दोघांना कसं गाठलं, ते जमादारांनी त्यांना हसत सांगितलं. मुलीचा बाप पुढे झाला. इतके दिवस जे लपवत होता, ते त्यानं सगळ्यांदेखत सांगून टाकलं. मुलगी दाराची चौकट धरून उभी.

"बाईच्या आप्रेशनालाच काढले ना?" नवरदेवाचे वडील म्हणाले. "मग मान कशापायी खाली घालायलात? चला, सुपारी फोडायची हाय. आन् ह्या जमादारास्नी जेवल्याबिगर सोडू नका. चुलता हाय आमचा!"

मांडवभर हशा झाला. सुपारी फुटली. बँकेचं देणं पुढे त्यांनी हप्त्याहप्त्यानं फेडलं.

नंतर माझ्या हातून याहून मोठे गुन्हे उघडकीस आले. पण लाज वाटणारी गोष्ट माणसानं स्वतः मोठ्यानं सांगितली की धमकावणाऱ्याच्या हाती काहीच उरत नाही, हे मी त्या मांडवात शिकलो. त्या दोघांना आम्ही पकडलं हे खरं. त्यांना हरवलं मात्र त्या बापानं.