नथ्थूभाऊंचा बर्फ

नथ्थूभाऊंनी बावीस वर्षं शहाद्याच्या आसपास सायकलवर गारीगार विकली. एप्रिलच्या उन्हात प्रकाशा गाव गाठलं तरी पेटीतली एक कांडी मऊ पडायची नाही, असं ते सांगतात, आणि कोणी विचारलं नाही तरी सांगतात. गुडघे गेल्यावर ते नंदुरबारला आमच्या प्रयोगशाळेत शिपाई म्हणून लागले. मी, रुचिका, तिथली तंत्रज्ञ. माझी जीभ तिखट आहे, पण या मिरचीच्या गावात त्याचं कोणाला काही वाटत नाही.

आमचं काम डेंग्यूवर चालतं. ताप येऊन गेला की रक्तातल्या थोड्या पेशी त्या विषाणूची ओळख धरून ठेवतात. लाखांत दोन-चार. त्या शोधायच्या तर माणसाच्याच प्रतिकारशक्तीतलं एक प्रथिन जिवाणूंकडून बनवून घ्यायचं, त्याच्या खाचेत विषाणूचा तुकडा बसवायचा, असे चार जोड एकत्र बांधायचे आणि वर चमकणारा रंग लावायचा. ओळख असलेली पेशी तो जोड घट्ट धरते आणि यंत्रात चमकते. असे जोड भरलेली, अंगठ्याएवढी एकच कुपी आमच्याकडे होती. ती यायला चार महिने लागले होते.

रक्त द्यायला माणसं मिळवली नथ्थूभाऊंनी. म्हसावद त्यांचं गाव. नुकत्याच तापातून उठलेल्या बारा जणांच्या दारी ते स्वतः गेले. सत्तरीच्या कौसाबाई तर हात पुढे करायला तयारच नव्हत्या.

"मन्हं रगत लिसन तुम्ही काय करतस?"

"मी शे ना, बाई! एक थेंबबी वाया जाऊ देस नही," नथ्थूभाऊंनी सगळ्या गल्लीसमोर शब्द दिला.

सोमवारी बारा नळ्या आल्या. तपासणी नीट चालली आहे ना हे बघायला आम्ही दर वेळी आधी नथ्थूभाऊंचंच रक्त लावायचो. त्यांना मागच्या वर्षी डेंग्यू झाला होता आणि त्यांच्या पेशी छान चमकायच्या. त्या दिवशी पडद्यावर एक ठिपका उमटला नाही. कौसाबाईंच्या रक्तात नाही, पुढच्याच्या नाही. बाराही कोरे.

"मन्हा रगतमा आते काहीच नही का?" नथ्थूभाऊंनी विचारलं. त्यांचा चेहरा उतरला होता.

पंधरा दिवसांपूर्वी दिसलेल्या पेशी एकाएकी जातील कुठे? मी फ्रिजमधून कुपी काढली. झाकणाखाली पांढरा क्षार साचला होता.

"नथ्थूभाऊ, काय करं तुम्ही?"

त्यांनी तर अभिमानाने सांगितलं. रविवारी दुपारी ते एकटेच होते. लाईट गेली, तीन वाजता इन्व्हर्टरही बसला. फ्रिज तापायला लागला तसे ते गुडघे धरत बर्फाच्या कारखान्यात गेले, लादी आणली, फोडली, तिच्यावर मूठभर मीठ टाकलं आणि मधोमध कुपी रोवली. रात्री लाईट आल्यावर ती पुन्हा जागेवर ठेवून दिली.

"गारीगारनी पेटीमा आसंच करूत. मीठ टाकं का खरा गारठा धरस."

मीठ पडलं की बर्फ शून्याच्याही खाली उतरतो. त्या प्रथिनाला फ्रिजचा गारवा चालतो, गोठणं चालत नाही. एकदा गोठलं की त्याची घडी मोडते आणि ते कशालाच धरत नाही. नवी कुपी येईपर्यंत चार महिने जाणार. पेशी तोवर टिकवायची सोय आमच्याकडे नाही, आणि म्हसावदच्या लोकांच्या अंगात तापानंतर उसळलेल्या, आम्हाला हव्या असलेल्या पेशीही तोवर ओसरून मोजक्याच उरणार.

मी ओरडले. काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. नथ्थूभाऊ भिंतीला टेकून खाली बसले.

"नुसता बरफ ऱ्हाता ते?"

"वाची जाती!" रागाच्या भरात मी खरं सांगून टाकलं. नुसत्या बर्फात कुपी वाचली असती.

ते भिंतीचा आधार घेत उठले. मग म्हणाले, "पह्यला दिन मी इचारं व्हतं, ताई, किती थंड ठेवानं? तुम्ही म्हनात, जितलं थंड तितलं चांगलं. बाकी तुम्हले समजाव नही."

मला लख्ख आठवलं. घाईत होते मी, फोनवर बोलत होते, आणि अगदी हेच म्हटलं होतं. गोठवू नका, हे दोन शब्द मी त्या माणसाला सांगितले नव्हते.

संध्याकाळी आम्ही दोघं म्हसावदला गेलो. कौसाबाई ओट्यावर शेंगा निवडत होत्या. त्यांनी आधी नथ्थूभाऊंकडे बघितलं. ते काही बोलायच्या आत मीच सगळं सांगितलं. रक्त वाया गेलं, आणि चूक माझी.

कौसाबाईंनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, मग नथ्थूभाऊंच्या डोळ्यांतल्या पाण्याकडे बघितलं.

"तुन्ही चूक शे," त्या म्हणाल्या, "मंग हाऊ काब्र रडी ऱ्हायना?"