आप्पांची सकाळची शुगर

आकडे कधीच खोटं बोलत नाहीत.

हे वाक्य माझं नाही. कडा गावातल्या माझ्या मेडिकलमध्ये एका ग्लुकोमीटर कंपनीचं पोस्टर आहे, त्यावर ते सोनेरी अक्षरांत छापलंय. खाली एक आजोबा समुद्रकिनाऱ्यावर पळतायत. आमच्या आष्टी तालुक्यापासून समुद्र बराच लांब आहे, पण कंपनीला त्याची कल्पना नसावी.

त्या पोस्टरखाली मी एका गिऱ्हाइकाला गोळ्या समजावून सांगत होतो, तेवढ्यात समोरच्या कापड दुकानातून सुवर्णा धावत आली. "काका, आप्पा कसंतरीच करायलेत. लवकर चला."

सुवर्णा ही मन्मथआप्पांची सून. आप्पा समोरच्या दुकानाचे मालक. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, अंगात पांढरा सदरा. पेठेतली माणसं त्यांचं शटर वर गेलं की आपली घड्याळं बरोबर आहेत का ते बघतात. मी रस्ता ओलांडून गेलो तर हा माणूस गादीवर तिरका पडलेला. सदरा घामानं भिजलेला. बोलणं अडखळत होतं आणि हात थरथरत होते. सुवर्णानं घाबरून त्यांच्या तोंडावर, हातांवर तांब्याभर पाणी ओतलं होतं. मी माझं मीटर नेलं होतं. त्यांचं बोट कापसानं कोरडं केलं, सुई टोचली आणि थेंब स्ट्रिपला लावला.

अठ्ठेचाळीस.

रक्तातली साखर सत्तरच्या खाली गेली की तिला आम्ही लो शुगर म्हणतो. डायबेटिसवाल्यांना साखर वाढल्याची भीती असते, पण वाढलेली साखर माणसाला हळूहळू त्रास देते. उतरलेली साखर थांबायला वेळ देत नाही. मी शेजारच्या हॉटेलातून साखर मागवली आणि पाण्यात कालवून पेला आप्पांच्या ओठाला लावला. आप्पांनी तोंड मिटून घेतलं.

"साखर न्हाई," ते पुटपुटले. "मला शुगर हाय."

शुद्ध हरपत आली तरी पथ्य जागं होतं. सुवर्णानं त्यांचं डोकं धरलं आणि लहान मुलाला औषध पाजावं तसं ते पाणी पाजलं. पंधरा-वीस मिनिटांत आप्पा उठून बसले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो गिऱ्हाइकाला दाखवायला काढलेलं थान कुणी गुंडाळलं, हा.

मग मला एक प्रश्न पडला. "आप्पा, सकाळची शुगर किती होती?"

"तीनशे चाळीस," आप्पा म्हणाले. "रोजच्यासारखी."

सकाळी उपाशीपोटी तीनशे चाळीस आणि दुपारी, जेवण वेळेवर झालेलं असताना अठ्ठेचाळीस. इन्सुलिनचा डोस जास्त झाला तर असं उतरू शकतं, हे खरं. पण आप्पांचा डोस वाढला होता तो सकाळच्या आकड्यामुळेच. ते रोज आकडा फोनवरून डॉक्टरांना कळवायचे. आकडा खाली येईना, म्हणून डॉक्टर रात्रीचं इन्सुलिन थोडं थोडं वाढवत होते. त्यांनी मध्यंतरी लॅबमधून एचबीएवनसी करायला सांगितलं होतं. या तपासणीत मागच्या तीनेक महिन्यांची साखरेची सरासरी समजते. आप्पांनी ती केली नाही. घरात मशीन असताना लॅबला कशाला जायचं, असा त्यांचा हिशेब.

त्या मशीनबद्दलही सांगायला हवं. मीटर घ्यायला आले तेव्हा आप्पांनी ते कापडासारखं निवडलं. हातात घेऊन वजन पाहिलं, काच पाहिली, पेटी पाहिली. मी त्यांना सांगितलं की मीटर एकदा घ्यायचं असतं, स्ट्रिपा कायम घ्याव्या लागतात. म्हणून ज्याच्या स्ट्रिपा आपल्या गावात बारा महिने मिळतात ते मीटर घ्यावं. आकडे मोठे दिसावेत. स्ट्रिपांची डबी घट्ट बंद ठेवावी, तारीख बघावी, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात ती पत्र्याखाली ठेवू नये. आप्पांनी सगळं ऐकलं आणि पाळलंही. तरी सकाळचे आकडे चढेच, म्हणून पुण्यातल्या मुलानं दुसरं मीटर पाठवलं. ते मोबाइलला जोडता यायचं आणि रंगीत आलेख काढायचं. त्यानंही तेवढाच आकडा दाखवला. दोन मशिनी एकच सांगतात म्हटल्यावर घरात शंका घ्यायला कुणी उरलं नाही.

त्या दुपारी मी डॉक्टरांना फोन केला. त्यांनी रात्रीचा डोस लगेच खाली आणला आणि लॅबची तपासणी करायचीच, असं बजावलं. दुसऱ्या दिवशी आप्पांनी रक्त दिलं. लॅब नगरला नमुने पाठवते, त्यामुळे रिपोर्टला वेळ लागणार होता. मला वाटलं, संकट टळलं.

टळलं नव्हतं. त्याच संध्याकाळी गिरिजाकाकू, म्हणजे आप्पांच्या पत्नी, माझ्या दुकानात आल्या. त्या कधी दुकानात येत नाहीत, औषधं सुवर्णा नेते. गिऱ्हाईक जाईपर्यंत त्या बाजूला थांबल्या, मग हळू आवाजात बोलल्या. सकाळी पुन्हा आकडा साडेतीनशे आला होता. डॉक्टरांनी कमी केलेला डोस आप्पांना पटलेला नव्हता. रात्री त्यांनी जुनाच डोस टोचून घेतला होता.

"मी बोलले तर म्हणत्येत, मशीन काय खोटं सांगतं का?" काकू म्हणाल्या. "मला रातभर झोप न्हाई बघा. दर घडीला उठून अंगाला हात लावून बघायले, घाम तर न्हाई ना आला."

दिवसा साखर उतरली तेव्हा समोर सून होती, मी होतो, हॉटेल होतं. झोपेत उतरली असती तर काकूंचा एक हात, तेवढंच.

मी दोन्ही मीटर मागवून घेतली. मीटर तपासायला कंट्रोल सोल्युशन मिळतं. ते ठरलेल्या साखरेचं पाणी असतं. त्याचा थेंब स्ट्रिपला लावायचा, आकडा डबीवर छापलेल्या मर्यादेत आला की मीटर आणि स्ट्रिप दोन्ही ठीक. दोन्ही मीटर पास झाली. मी डॉक्टरांना तसं कळवलं.

"मशीन बरोबर, स्ट्रिप बरोबर," ते म्हणाले. "मग आता माणूस तपासायचा राहिला. तुम्ही उद्या सकाळी जा आणि ते नेमकं काय करतात ते नुसतं बघा. सांगू नका, विचारू नका."

काकूंना मी रात्रीच्या डोसाच्या वेळी समोर बसायला सांगितलं. त्या बसल्या. आप्पा चिडले, पण डोस कमीच घेतला.

सकाळी मी गेलो तेव्हा आप्पा अंघोळ करून पूजेला बसले होते. पूजेआधी ते चहासुद्धा घेत नाहीत. लिंगाला पंचामृताचा अभिषेक चालू होता. दूध, दही, तूप, मध, साखर. पूर्वी हा अभिषेक फक्त सोमवारी व्हायचा, काकूंनी मला दारातच सांगितलं. डायबेटिस निघाला त्या दिवसापासून आप्पांनी तो रोजचा केला. स्वतःला बंद झालेली साखर त्यांनी देवाला चालू केली होती. मला यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. आजार उतरावा म्हणून माणूस जे हातात असेल ते करतो.

पूजा आटोपली. आप्पांनी तळहातावर पंचामृताचं तीर्थ घेतलं, ओठाला लावलं. मग दोन्ही तळहात एकमेकांवर चोळले, डोळ्यांवरून आणि डोक्यावरून फिरवले. मलाही तीर्थ दिलं. मीही तेच केलं. लहानपणापासून सगळे असंच करतो. तीर्थाचा हात धुवायचा नसतो.

मग आप्पा ओसरीवर आले, पाटावर बसले, मीटर काढलं, स्ट्रिप लावली. सगळं मी शिकवलं होतं तसं. करंगळीशेजारचं बोट, सुई कडेला, थेंब न पिळता. इतक्या नीटपणे हे करणारा पेशंट मी दुसरा पाहिलेला नाही. आकडा आला तीनशे बत्तीस.

"बघा," आप्पा म्हणाले. "डोस कमी करा म्हणत्येत."

मला त्यांच्या बोटावर उन्हात बारीकशी चकाकी दिसली. मी माझ्या बोटांकडे पाहिलं. तिथेही होती. अंगठा बोटाला लावला तर किंचित चिकटला.

"आप्पा, एक स्ट्रिप मला द्या," मी म्हणालो.

मी माझं बोट टोचलं. मला डायबेटिस नाही. मीटर म्हणालं, दोनशे ऐंशी. मग मी अंगणातल्या नळावर साबणानं हात धुतले, पंचानं कोरडे केले आणि दुसरं बोट टोचलं. चौऱ्याण्णव.

स्ट्रिपला लागतो तो रक्ताचा एवढासा थेंब. बोटावर मधाचा, साखरेचा नुसता हात फिरलेला असला तरी ती साखर त्या थेंबात उतरते. पोटात गेलेल्या चमचाभर तीर्थाचा यात काही दोष नव्हता, ते इतक्यात रक्तात पोचतही नाही. पोस्टर खरंच सांगत होतं. मीटर खोटं बोललं नव्हतं. ते आप्पांच्या बोटाबद्दल बोलत होतं, आणि आम्ही ते आप्पांबद्दल समजत होतो. आप्पांच्या दुकानात त्या दिवशी आकडा खरा आला, कारण दुपारी जेवून हात धुतलेले होते आणि वर सुनेनं घाबरून पाणी ओतलं होतं.

आप्पांनी मीटर उचलून आकडा पुन्हा पाहिला. मला वाटलं, आता हात धुतील. पण त्यांनी मान हलवली. "तीर्थाचा हात न्हाई धुणार मी."

"मग पूजेच्या आधी तपासा."

"रक्त काढून पूजेला बसू? कसं बोलता, प्रकाशराव?"

दोन्ही गोष्टी त्यांच्या बाजूनं बरोबर होत्या. मी काहीतरी आधुनिक बोलणार होतो, तेवढ्यात आतून चहा घेऊन काकू आल्या.

"मग अंघोळीच्या आधी तपासा की," त्या म्हणाल्या. "रक्त निघू द्या न्हाईतर काय बी निघू द्या. अंघोळ कशापायी असती मग?"

आप्पांनी चहा घेतला, बिनसाखरेचा. रिकामा कप पाटाशेजारी ठेवला. मग म्हणाले, "साबण कोणता लागतो?"

"कोणताही."

दुसऱ्या दिवशी सकाळी अंघोळीआधी, धुतलेल्या हाताचा आकडा आला एकशे एकवीस. लॅबचा रिपोर्ट आला तोही तसाच, आप्पांच्या वयाला गरजेपेक्षा थोडा जास्तच चांगला, म्हणजे सरासरी साखर हवी त्याच्याही खाली. डॉक्टरांनी इन्सुलिन आणखी खाली आणलं. ते मला म्हणाले की आता प्रत्येक पेशंटला आधी हात धुण्याचं विचारतो, मग बाकीचं. काकू रात्री झोपायला लागल्या. अभिषेक रोजचाच राहिला. आकडा देवाच्या कृपेनं उतरला असं आप्पा पेठेत सांगतात. मी मध्ये पडत नाही.

पुढे काही महिन्यांनी एका पुढाऱ्याच्या वाढदिवसाला मंगल कार्यालयात मधुमेह महाशिबिर झालं. मोठा फ्लेक्स, त्यावर पुढारी स्टेथोस्कोप घालून. मला मोफत तपासणीच्या टेबलावर बसवलं होतं. आप्पांचा आदर्श रुग्ण म्हणून सत्कार झाला. शाल, श्रीफळ आणि पेढ्यांचा बॉक्स. प्रमुख पाहुण्यांनी भाषणात सांगितलं की आकडे कधीच खोटं बोलत नाहीत. आप्पांना दोन शब्द बोलायची विनंती झाली. ते माइकजवळ गेले, म्हणाले, "साबणानं हात धुवा," आणि खाली येऊन बसले. लोकांना वाटलं, भाषण अजून व्हायचंय.

त्या दिवशी तपासलेल्यांपैकी निम्म्यांची शुगर तीनशेच्या वर निघाली. स्वागताच्या पेढ्यांचं टेबल माझ्या टेबलाच्या आधी होतं.