मामाजींचा डोळा आणि माझ्या गाडीची काच

आमच्या सासऱ्यांच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन डॉक्टरांनी पास केलं आणि मी ते नापास केलं.

सासरे म्हणजे मामाजी. काटोलकडचे संत्र्यांचे बागायतदार. मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत, पण माणूस कबूल करेल तर शपथ! शेवटी एका पोळ्याला त्यांनी शेजाऱ्याच्या बैलाला ओवाळून पुरणपोळी चारली आणि घरचा बैल दारात ताटकळत राहिला, तेव्हापासून सगळ्यांनी मागे लागून माघात त्यांना नागपूरला आमच्या धरमपेठेतल्या घरी आणून बसवलं. येतानाच त्यांनी अट घातली.

"एक डोया करून पाहतो. दिसलं तं दुसरा करू. नाही दिसलं तं मले गावाले पोचवून द्यायचं, अन् पुन्हा माह्यासमोर डॉक्टरचं नाव नाही काढायचं."

म्हणजे दुसऱ्या डोळ्याचं काय व्हायचं ते सगळं पहिल्याच्या हातात. ऑपरेशन छान झालं. पट्टी सुटली. आता रामदासपेठेत डॉक्टरांकडे जाऊन जाड भिंगाचा चष्मा तेवढा घालून आणायचा होता. मामाजींची इच्छा एवढीच, की चष्मा लागला की गाडीतून बर्डीच्या बाजारात एक चक्कर मारायची आणि दुकानांच्या पाट्या वाचायच्या.

"अन् तुमच्या त्या काया काचांतून काय वाचतील बाबा?" आमची सौभाग्यवती म्हणाली. "ती फिल्म काढा आधी."

तिचं बरोबर होतं. माझी अँबेसेडर मी लकडगंजातल्या एका लाकडाच्या व्यापाऱ्याकडून जुनी घेतली होती. त्याने काचांना काळी फिल्म लावली होती. नागपूरचे उन्हाळे खाऊन खाऊन ती जांभळी झाली होती आणि तिला फोड आले होते. आत बसलं की भर दुपारी दिवेलागण व्हायची. (समोरच्या काचेला फिल्म नव्हती, पण तीसुद्धा मला नेहमी जराशी धूसर वाटायची. जुन्या गाडीची काच, चालायचंच.)

"मेकॅनिककडे द्या," ती म्हणाली.

"त्यात काय आहे? कागद तर सोलायचा आहे."

रविवारी सकाळी मी दाढीचं ब्लेड घेऊन गाडीला भिडलो. फिल्मची ती जात अशी, की कोपरा उत्साहाने हातात येतो आणि बाकीची जागची हलत नाही. बोटभर पट्टी निघायची, मध्येच तुटायची. शेजारचे ढोबळेकाका फाटकावर रेलून हे बघत होते. त्यांना गाडी चालवता येत नसे, पण गाडीविषयी सगळं येत असे.

"ओले पेपर चिकटव गा. फुगून आपोआप सुटते."

मी आठवड्याची रद्दी भिजवून काचांवर थापली आणि चहाला बसलो. फाल्गुनातलं ऊन, चहा होईपर्यंत पेपर खडखडीत वाळला. मग ओढला तर फिल्म निघाली खरी, पण तिचा डिंक काचेवर राहिला आणि त्या डिंकाने अर्ध्या बातम्या ठेवून घेतल्या. मागच्या डाव्या काचेवर संत्र्याचे बाजारभाव उलटे छापले गेले होते.

"आता घासलेट," मी म्हणालो.

"घासलेट नको. संत्र्याची सालं," काका म्हणाले. "त्याच्या तेलानं डिंक विरघळते."

सालं कमी नव्हती. मामाजींच्या बागेतून कालच टोपलंभर संत्री आली होती. मामाजी व्हरांड्यात बसून संत्री सोलत होते, मी साल घासत होतो आणि काका फाटकावर उभे राहून फोडी खात होते. डिंक खरोखर विरघळला, मी नाकारत नाही. पण विरघळून जाणार कुठे? तो सगळ्या काचेवर साईसारखा पसरला. पुसायला मी गादीतला जुना कापूस घेतला. तो चिकटला. कापूस काढायला कपडा घेतला, तर माझाच बनियन होता आणि तोही अर्धा तिथेच राहिला. त्यावर संध्याकाळी रस्त्याची धूळ बसली.

"अहो, हे पांढरं दिसून राहिलं," सौभाग्यवती म्हणाली.

मी दोन पावलं मागे जाऊन पाहिलं. मला तर सगळं आरपार दिसत होतं. "काच अशीच असते," मी म्हणालो. "तुला काळ्या काचेची सवय झाली आहे."

दुसऱ्या दिवशी ती स्वयंपाकाला घरी राहिली आणि मी मामाजींना घेऊन निघालो. डॉक्टरांनी चष्मा चढवला आणि समोर अक्षरांचा तक्ता धरला. मामाजींनी तो वरून खालपर्यंत धडाधड वाचला. खालचं छापखान्याचं नावही वाचलं. डॉक्टर खूश, मी खूश. "वारा आणि धूळ लागू देऊ नका, गाडीच्या काचा बंद ठेवा," डॉक्टरांनी बजावलं. "आणि जाड भिंगातून पायऱ्या जवळ आल्यासारख्या वाटतील, जपून उतरवा." मामाजी पायऱ्यांना इतके घाबरले की डोळे गच्च मिटून, माझा दंड धरून थेट मागच्या सीटवर माझ्या पाठीआड येऊन बसले. मी काचा वर केल्या आणि गाडी बर्डीकडे वळवली.

"वाचा मामाजी. कोणतं दुकान आलं?"

आरशात मामाजी चष्मा पुसताना दिसले.

"मामाजी?"

"गेला," मामाजी म्हणाले.

"कोण गेला?"

"डोया. तिथं चालत होता, बाहेर निंघाला अन् बंद पडला. रेडिओ दुकानात चालते अन् घरी आणला का बंद पडते ना जी, तसं."

मी तशीच गाडी उलटी फिरवली. परत पायऱ्या, परत मिटलेले डोळे, परत तक्ता. मामाजींनी परत धडाधड वाचला. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले. "डोळा उत्तम आहे," ते म्हणाले. "उगाच काळजी करू नका." आम्ही परत गाडीत बसलो आणि डोळा परत बंद पडला.

"मले गावाले पोचवून द्या," मामाजी अगदी हळू आवाजात म्हणाले. "दुसरा डोया राहू द्या. जेवढं उजेड-अंधार समजते तेवढं पुरे."

एवढा खणखणीत माणूस असा बोलला की मला गिअर सापडेना. घरी काय सांगायचं हेही सुचेना. मागे काही खुडबुड झाली. मामाजींनी बंडीच्या आतल्या खिशातून तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पुडी काढली होती. मुलीने ऑपरेशनपासून खर्रा बंद केला होता.

"मामाजी, खर्रा?"

"आता डोयाच गेला, तं खर्रा काहून सोडू?"

बर्डीच्या चौकात गाडी थांबली तोवर त्यांचं तोंड भरलं. त्यांनी चाचपडत हँडल शोधलं, काच खाली केली, डोकं बाहेर काढलं आणि तसेच थांबले. थुंकलेच नाहीत.

मी आरशात पाहत होतो. त्यांनी काच वर केली. खाली केली. परत वर, परत अर्धी खाली. मग काचेवरून बोट फिरवलं, ते नाकाशी नेलं आणि वास घेतला. स्वतःच्या बागेच्या संत्र्याचा वास त्यांना ओळखू येणार नाही असं कसं होईल? शेवटी दार उघडून ते व्यवस्थित थुंकले आणि आत येऊन बसले.

"शुद्ध तुपाची मिठाई," ते म्हणाले. "त्याच्या बाजूले छत्री दुरुस्ती. पुढं चला जावाईबापू, काच खालीच राहू द्या."

डॉक्टरांचा हुकूम मोडून, डोक्याला उपरणं गुंडाळून त्यांनी अख्खी बर्डी मोठ्याने वाचून काढली. सिनेमाच्या भिंतीवरच्या जाहिरातीसुद्धा. घरी पोचल्यावर फाटकातूनच मुलीला हाक मारली.

"पोरी, दुसरा डोया करतो वं मी. पण दवाखान्यात रिक्षानं जाईन."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग तिने गाडीच्या काचेकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पाणी परत गेलं.

दुसऱ्या ऑपरेशनची तारीख घ्यायला मामाजी खरंच सायकल रिक्षातून गेले आणि मी मागून रिकामी अँबेसेडर चालवत. डॉक्टरांनी आम्हाला लगेच ओळखलं. मामाजींनी त्यांना काचेची सगळी हकीकत तिखटमीठ लावून सांगितली. डॉक्टर पोट धरून हसले.

"पण तुम्हाला काच धुरकट दिसली नाही?" त्यांनी मला विचारलं.

"नाही. मला तर स्वच्छ दिसली."

डॉक्टरांचं हसणं थांबलं. त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि तक्त्यावरच्या मधल्या ओळीखाली पट्टी धरून वाचायला सांगितलं. मी बघितलं. मग नीट बघितलं. मग मागे उभ्या असलेल्या मामाजींनी वाकून माझ्या कानात ती ओळ सांगितली.

चार दिवसांनी नवीन चष्मा लावून मी गाडीत बसलो. समोरच्या काचेवरचा धूसरपणा गेला होता, आणि बाजूच्या काचांतून काही म्हणजे काही दिसत नव्हतं.