खोट्या तोट्याची पायपीट

मोबाईलवरच्या खोट्या पैशांनी दोन महिने शेअरचा सराव केला आणि मग स्कूटरसाठी साठवलेले खरे चाळीस हजार एका सकाळी त्यात घालून बसलो.

सराव मी आणि एसटीतल्या सोबत्यानं मिळून सुरू केला होता. तो फुलंब्रीच्या एसटीत माझ्या शेजारी बसणारा, शहरातल्या एका कचेरीत शिपाई. घरी शेरडं. शेरडाचे दात बघावेत तसे तो शेअरचे भाव बघायचा. आणि खोटा तोटा झाला, की त्या दिवशी रिक्षा बंद. स्टँडपासून क्रांती चौकापर्यंत पायी.

"अहो, पैसा खोटाच ना?" मी हसायचो.

"पैसा खोटा हाय. चुकी आपलीच हाय की."

मला तोटा झाला, की मी बटन दाबून सगळं पुसायचो. लगेच नवे लाख रुपये हजर!

निम्मी स्कूटर बुडाली त्या सकाळी मी त्याला फोन दाखवला. त्यानं आकडा पाहिला. मग स्टँडबाहेर रिक्षाला केलेला माझा हात खाली ओढला.

"साहेब, दोन महिने तुम्ही नुसतं पुसायलाच शिकलात. चला पायी, सवय करा. स्कूटर काय आता येत नसती."