गोविंदमास्तर आणि भारीट

गोविंदमास्तर आधी रागवत आणि कारण मग शोधत. बहुतेक वेळा ते सापडेच. जव्हारच्या शाळेत मी त्यांच्या शेजारच्या वर्गावर होतो. तिकडे ते कडाडले की इकडे माझी मुलं सरळ बसत.

त्यांचा जीव भारिटांत. पिवळ्या पोटाची ही पाखरं थंडीच्या तोंडाला थव्यानं नागलीच्या पिकावर उतरत. मास्तर सांगत, "काळ्या डोक्याचे नर ढीगभर, तांबड्या डोक्याचे मोजके. पण माद्या दोन्हींच्या सारख्याच मातकट. ब्रह्मदेव आला तरी त्याला ओळखू येणार नाहीत!"

एका वर्षी मोखाड्याकडच्या गावांचा मक्ता घेतलेल्या नव्या इजारदारानं फर्मावलं, "काळा पिकाचा चोर, त्याला जाळ्यात धरून मारा. तांबडा दुर्मीळ, त्याला सोडा." मास्तर तरातरा त्याच्याकडे गेले. मीही सोबत होतो. "चोर कसले?" ते ओरडले. "तुमच्याच गावातल्या सोनीआजीसारखी शेतकरी माणसं बांधालगतची नागलीची एक ओळ कापतच नाहीत. पाखरांचा वाटा म्हणून ठेवतात. थवे तिथंच उतरतात!"

इजारदार गोड हसला. दुसऱ्या दिवशी त्यानं नेमक्या त्याच ओळींवर जाळी लावली. त्या हसण्याचा मला आजही संताप येतो.

आम्ही सोनीआजीच्या शेतावर पोचलो तेव्हा बांधावर मेलेल्या पाखरांचा ढीग होता. तांबड्या डोक्याचे नर हुकमाप्रमाणे सोडले होते. माद्या सरसकट मारल्या होत्या. "नर तेवढे जगवलेत, गाढवांनो!" मास्तर इजारदाराच्या माणसांवर धावून गेले. "आता अंडी काय तुमचा मालक घालणार?"

सोनीआजी ढिगापाशी बसली होती. ती हळू म्हणाली, "मास्तर, त्यांना जेवाया आमी बोलावलं व्हतं. जागा तुमी दाखवलीत."

परतीच्या वाटेवर मास्तर स्वतःलाच शिव्या घालत होते, फार वाईट शिव्या.

पुढच्या थंडीत आम्ही पुन्हा तिकडे गेलो. काळ्या डोक्याचे थोडे भारीट शेतावर घिरट्या घालत होते. तांबड्या डोक्याचा एकही नव्हता. सोनीआजीनं नागली पार बांधापर्यंत कापून नेली होती.

"आजी, पाखरांचा वाटा?" मास्तरांनी विचारलं.

"नाय ठेवला," खराट्यानं राहिलेले दाणेही झाडून घेत ती म्हणाली. "ठेवला त येतील ना बिचारी."