सातव्या खंडाचा खिळा

हॅम रेडिओवाल्याच्या घरात एक खोकं असतंच. त्यात अर्धवट वायरी, तुटके प्लग, कधीच विकून टाकलेल्या सेटची बटणं. टाकवत नाही आणि उपयोगही नाही. किश्श्यांचं तसंच होतं. तीस वर्षांत माझं खोकं इतकं भरलंय की झाकण बसत नाही, म्हणून थोडे बाहेर काढतो. तुम्हाला अडचण झाली तर तुमच्या माळ्यावर टाका.

मी सातवी पास. खडकीला कारखान्यात वायरमन होतो. गुडघे गेले, दात गेले, खोड्या तेवढ्या शाबूत आहेत. मला हॅमचं, म्हणजे हौशी रेडिओचं, लायसन कसं मिळालं, याचं परीक्षा घेणाऱ्यालाही अजून नवल वाटत असेल.

फील्ड डे म्हणजे काय, ते आधी सांगतो. वर्षातून एक दिवस घरचा पंखा आणि घरचा चहा सोडून माळावर जायचं, खांब उभा करायचा, बॅटरीवर सेट लावायचा आणि सूर्य मावळेपर्यंत जगभरातल्या जास्तीत जास्त स्टेशनांशी बोलायचं. ही स्पर्धा. बोलायचं काय? "तुमचा आवाज असा येतोय, माझा कसा येतोय?" बास. पुढचा.

आमची ही म्हणते, "एवढंच बोलायचं तर माळावर कशाला जाता? माझ्याशी तुम्ही एवढंच बोलता."

*

आमच्या हॅम क्लबचे कॅप्टन केळकर सर. कॉलेजात फिजिक्स शिकवून रिटायर झालेले. सरांच्या खोलीत एक भिंत आहे. लांबच्या स्टेशनशी बोलणं झालं की तो माणूस पोस्टाने एक कार्ड पाठवतो. कार्ड आलं म्हणजे बोलणं झालं. नाही आलं तर तुम्ही स्वप्न पाहिलंत. सरांच्या भिंतीवर सहा खंडांची सहा कार्डं, फ्रेम करून, ओळीत. त्यांच्या शेजारी सातवा खिळा, रिकामा. तो अंटार्क्टिकाचा. मी सरांना ओळखतो तेव्हापासून तो तसाच, मधले तीन आठवडे सोडले तर.

यंदा मुलीने त्यांना बंगळुरूला न्यायचं ठरवलं. अकराव्या मजल्यावर फ्लॅट. सोसायटीत गॅलरीत टॉवेल वाळत घालायला बंदी, तिथे अँटेना कोण लावू देतंय? म्हणजे हा सरांचा शेवटचा फील्ड डे. सर एवढंच म्हणाले, "या वर्षी जरा नीट करू."

तीस वर्षांत सर याहून भावुक झालेले मी पाहिलेले नाहीत.

*

टीम जमवायला सरांच्या घरी मीटिंग. पोहे आहेत हे मी सगळ्यांना आधीच कळवलं होतं, त्यामुळे आम्ही बावीस जण जमलो. बावीसच्या बावीस हात वर. सरांनी वहीत नावं लिहून घेतली. कोण खांब धरणार, कोण दोऱ्या ओढणार, कोण कितीला सेटवर बसणार, सगळं.

आदल्या दिवशी फोन सुरू झाले. एकाच्या सासऱ्यांचं ऑपरेशन निघालं. सर म्हणाले, "गेल्या वर्षीही सासऱ्यांचंच होतं. आता त्यांच्यात काढण्यासारखं राहिलंय काय?"

सकाळी माळावर आम्ही चार जण. सर, मी, तार ऑफिसातून रिटायर झालेल्या देवधर बाई आणि खराडीच्या आयटीतला निखिल. खांब पंचेचाळीस फूट आणि चौघांचे मिळून धड गुडघे तीन, त्यातले दोन निखिलचे. कसा उभा केला ते विचारू नका.

आठ वाजता सेट चालू केला. सरांनी पहिली हाक घातली, "कोणी ऐकतंय का?" आणि पलीकडून खणखणीत उत्तर आलं. कोथरूडहून.

"सर, आवाज एकदम क्लिअर. येणारच होतो, पण म्हटलं घरूनच सपोर्ट करावा."

मग कर्वेनगर. मग बिबवेवाडी. मग सासऱ्यांचं ऑपरेशनवाला, त्याच्या मागे कढईत काहीतरी तळल्याचा आवाज. दीड तासात अठराच्या अठरा जण आपापल्या गॅलरीतून हजर. प्रत्येकाने विचारलं, "गर्दी आहे का हो तिकडे?"

सरांनी प्रत्येकाला नियमाप्रमाणे आवाजाचा रिपोर्ट दिला. मग बाईंना म्हणाले, "लिहा. टीम आली."

*

निखिल पोरगा गुणी. पण त्याच्या ऑफिसला रविवार कळत नाही. तंबूच्या कोपऱ्यात लॅपटॉप मांडून त्याची परदेशी क्लायंटबरोबर मीटिंग चाललेली. आता आमचा सेट आणि लॅपटॉप यांत तीन हातांचं अंतर. सरांनी माइकचं बटण दाबलं की सरांचा आवाज लॅपटॉपच्या वायरीत शिरायचा आणि मीटिंगमध्ये बदक ओरडल्यासारखा निघायचा. दर अर्ध्या मिनिटाला.

क्लायंट सभ्य. त्याने थोडा वेळ सोसलं. मग म्हणाला, "निखिल, तुझ्या घरी सगळं ठीक आहे ना?"

निखिल म्हणाला, "हो हो. आजोबा आहेत. त्यांना बोलायला कोणी नाही."

सरांनी ऐकलं. माइक खाली ठेवला आणि शांतपणे म्हणाले, "निखिल, खोटं बोलू नये. पण हे खोटं नाही."

*

जागा झेंड्यांची. झेंडे माझा कारखान्यातला जुना सोबती. शहराने त्याचं गाव गिळलं, तरी माळ अजून शिल्लक आहे. त्या भागात चार माणसं खांब घेऊन उभी राहिली की लोकांना एकच वाटतं, रस्त्याची मोजणी आली. नऊपर्यंत सगळी भावकी बांधावर गोळा. कोणी सातबारा घेऊन आलेलं, कोणी वकिलाला फोन लावलेला. झेंडेच्या चुलतभावाने तर दोऱ्या कुठवर जातात ते पावलांनी मोजून घेतलं.

झेंडे घसा फोडून सांगतोय, "आरं, रेडिओवाले हायती! मोजणीवाले न्हाईत!"

कोण ऐकतंय? शेवटी झेंडेचे म्हातारे काका काठी टेकत आले. तंबूसमोर बसले. तासभर नुसतं पाहिलं. मग उठले आणि भावकीला म्हणाले, "जावा घरला. सक्काळधरनं ह्ये नुस्तं 'कोन हाय का, कोन हाय का' वरडत्यात. सरकारी असते तर येव्हाना जेवले असते."

*

देवधर बाईंनी आयुष्य तार ऑफिसात काढलं. कट्ट-कड-कट्टची भाषा त्यांना मराठीच्या आधी कळते. दुपारी ऊन डोक्यावर, सगळे पेंगलेले, बाईंच्या कानाला हेडफोन. कुठूनतरी बारीक कट्टकट्ट आलं आणि बाई ताठ झाल्या.

"हा नागपूरचा पेंडसे."

निखिल म्हणाला, "काकू, त्याने अजून नाव कुठे सांगितलंय?"

"सांगायला कशाला हवं? प्रत्येकाचा हात वेगळा असतो. हा शेवटचं अक्षर लांबवतो. नोकरीत असतानाही लांबवायचा. वीस वर्षं सांगितलं याला."

पेंडसेच निघाला. बाईंनी त्याला नियमाप्रमाणे रिपोर्ट दिला आणि वर काहीतरी कडाकडा वाजवलं. मी विचारलं, "काय म्हणालात?"

"म्हटलं, अजून सुधारला नाहीस."

नोंदींची वही बाईंकडेच असते, आणि त्यांचा नियम एक. आलेलं लिहायचं. खरं की खोटं, हे बघणं तारवाल्याचं काम नाही. आमच्या वहीत म्हणूनच कधी खाडाखोड नसते. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

*

आता माझं पाप सांगतो. कायद्याने गुन्हा आहे, तेव्हा तुमच्यापाशीच ठेवा.

सहा वर्षांपूर्वीचा फील्ड डे. हाच माळ. मी एक छोटा सेट झेंडेच्या गोठ्यात नेऊन लावला. माइकवर ओला रुमाल, नाक चिमटीत, आणि माझं सातवीतलं इंग्रजी. सरांना हाक घातली, अंटार्क्टिकाहून बोलतोय म्हणून. गोठा ते तंबू दोनशे पावलं. सरांनी जागेचं नाव दोनदा विचारून घेतलं. आवाजाच्या रिपोर्टांची देवाणघेवाण झाली, हवामान विचारून झालं. मी म्हणालो, "व्हेरी थंडी." तेवढ्यात शेजारची म्हैस हंबरली.

सरांनी इंग्रजीत विचारलं, हा आवाज कसला?

मी म्हणालो, "सील, सर. लोकल सील."

सरांना तेही खपलं. माणसाला एखादी गोष्ट हवीच असली की म्हशीचाही सील होतो. इथे थांबलो असतो तर बरं होतं. पण मी अप्पा बळवंत चौकात जाऊन कार्ड छापून घेतलं. निळा बर्फ, दोन पेंग्विन, मस्त. पाकिटावर जुनं परदेशी तिकीट डकवून सरांच्या पेटीत टाकलं. सरांनी फ्रेम केली. सातव्या खिळ्यावर लावली. पेढे दिले. मीही खाल्ले.

तीन आठवड्यांनी सरांनी बोलावलं. हातात कार्ड, दुसऱ्या हातात भिंग. आता बघा, तो छापखानेवाला जन्मभर लग्नपत्रिका छापणारा माणूस. त्याने सवयीने, अगदी बारीक अक्षरात, पेंग्विनांच्या डोक्यावर '॥ श्री ॥' घातलं होतं.

सर म्हणाले, "बबनराव, अंटार्क्टिकात गणपती बसवतात का हो?"

मी म्हणालो, "सर, मी नव्हतो."

सर रागावले नाहीत. कार्ड मला परत दिलं आणि चहा घेणार का विचारलं. रागावले असते तर मला झोप लागली असती. त्यानंतर मी सरांची खोडी काढलेली नाही. बाकीच्यांची काढतो.

*

तर हा शेवटचा फील्ड डे. पाच वाजले होते. वारा सुटला आणि खांबाच्या एका दोरीची खुंटी उपटली. मी आणि झेंडे धावलो. खुंटी पुन्हा ठोकायला दगड सापडेना, म्हणून दोघं दोरी धरून मातीत बसलो. तंबूची कनात आमच्या बाजूने बंद. सरांना एवढंच दिसत होतं की माझी खुर्ची रिकामी आहे.

आत काय झालं, ते बाईंनी सांगितलं. निखिल बाहेर फोनवर होता. सेटवर एक आवाज आला. बारीक, लांबचा, इंग्रजी. अंटार्क्टिकावरच्या तळावरून बोलतोय, तुमचा आवाज पाच-नऊ, म्हणजे उत्तम. तुमचं नाव काय?

सरांनी माझ्या खुर्चीकडे पाहिलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग माइकचं बटण दाबून म्हणाले, "बबनराव, पुरे करा आता. आज तरी." आणि छत्तीस वर्षांची सवय, रिपोर्ट दिल्याशिवाय बटण सुटत नाही, म्हणून पुढे म्हणाले, "फाइव्ह नाइन. येताना चहा घेऊन या."

पलीकडचा म्हणाला, "थँक यू, बबनराव," आणि गेला. सरांनी सेटचा काटा पुढच्या स्टेशनकडे सरकवला. बाईंनी वहीत लिहिलं.

मी परत आलो तर सर म्हणाले, "चहा?"

"कसला चहा?"

"अभिनय उत्तम," सर म्हणाले.

मी तळहात दाखवले, दोरीने सोलले होते. झेंडेने शपथ घेतली. सर म्हणाले, "झेंडे, गोठा कोणाचा होता?"

मी बाईंना बाजूला घेऊन विचारलं, "अहो, तुम्ही तरी थांबवायचं होतं त्यांना."

बाई म्हणाल्या, "मलाही वाटलं, तुम्हीच."

*

बिल्डरने फ्लॅटचा ताबा लांबवला, म्हणून सर सात महिने पुण्यातच राहिले. फील्ड डेची कार्डं क्लबच्या पत्त्यावर येतात, आणि तो पत्ता देवधर बाईंच्या घरचा. एका सकाळी त्यांचा फोन आला, "लगेच या." मी गेलो. बाईंनी टेबलावरचं कार्ड बोटाने माझ्याकडे सरकवलं. बर्फ. लाल रंगाची इमारत. तारीख तीच, वेळ तीच, आवाज पाच-नऊ. आणि नावाच्या जागी हाताने लिहिलेलं, इंग्रजीत, सुबक: मिस्टर बबनराव.

आम्ही दोघं रिक्षा करून सरांकडे. सामान बांधून झालेलं. भिंत उघडी, नुसते सात खिळे. सर एका खोक्यावर बसले होते. मी कार्ड दिलं.

सरांनी भिंग काढलं. कार्ड पुढून पाहिलं, मागून पाहिलं. तिकिटावरून नख फिरवलं. माझं नाव वाचलं. वरची कड दोनदा पाहिली.

"सर, मी नव्हतो," मी म्हणालो.

"तेव्हाही तुम्ही नव्हतात."

बाई म्हणाल्या, "सर, माझ्या वहीत नोंद आहे."

"बाई, मागच्या वेळीही होती."

खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. सर उठले. बांधलेल्या खोक्याची दोरी सोडून एक रिकामी फ्रेम काढली, कार्ड त्यात बसवलं, काच शर्टाच्या बाहीने पुसली आणि सातव्या खिळ्याला लावलं. उघड्या भिंतीवर तेवढं एकच. दोन पावलं मागे येऊन बराच वेळ पाहत राहिले.

"छपाई सुधारली, बबनराव," सर म्हणाले. "फक्त या वेळी वर श्री घालायचं राहिलं."