गेंदाची उलटी नाल

गेंदा दोन वर्षांपासून लंगडत होती आणि लाखनीत त्यावर ज्याचं त्याचं निदान तयार होतं. कोणी म्हणे खांद्यात वात भरला, कोणी म्हणे नजर लागली. मंदाबाईच्या मते तो अशक्तपणा होता, म्हणून ती आपल्या घोडीला अधिकच चारत होती.

वरातीला घोडी देण्याचा धंदा मूळचा तिच्या नवऱ्याचा, धनीरामचा. गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्याच वर्षी तो तापानं गेला. दीर म्हणाला, "वहिनी, इकून टाका जनावर. बाईमाणसाचं काम नोहोय हे." मंदाबाईनं ऐकून घेतलं आणि पुढच्या लग्नाला स्वतःच लगाम धरून उभी राहिली, डोक्यावर पदर, पायात रबरी बूट. बँडवाले हसले. गेंदा तेव्हा त्या घोडीच्या, आपल्या आईच्या, मागेमागे धावणारी लहानगी शिंगी होती. आई गेल्यावर तीच वरातीला जाऊ लागली. साकोलीपासून मोहाडीपर्यंत लोक तारीख काढली की आधी मंदाबाईला विचारत.

आता गेंदा तेरा वर्षांची होती. उभी राहताना पुढचे पाय लांब टाकायची आणि अंग मागं झोकून द्यायची. डांबरी रस्त्यावर तर जणू निखाऱ्यांवर चालते आहे असं एकेक पाऊल. चैतातल्या एका सकाळी ती उठलीच नाही. घोड्यांचा दलाल दोनदा येऊन गेला होता. तो पंगू जनावरं कुठं नेतो हे त्याला कोणी विचारत नसे.

मंदाबाईनं कवडू नालबंदाला बोलावलं. त्यानं अंगणात शेणी पेटवून लोखंड तापवलं. "खांद्याले डाग देतो. वात पळते." तेवढ्यात शेजारच्या गोठ्यात लस टोचायला आलेल्या डॉक्टर तृप्ती धूर पाहून आत आल्या.

"कायले डागता काका? दुखणं खुरात आहे."

त्यांनी पकडीनं खुराचं पुढचं टोक दाबलं. गेंदानं पाय हिसडला. मग त्यांनी खुरावरच्या आडव्या वळ्या दाखवल्या. प्रत्येक वेळी खूर आतून सुजला, तेव्हा एकेक वळी उमटली होती.

"खायला काय देता?"

मंदाबाईनं अभिमानानं सांगितलं. "सकाळ-संध्याकाळ कणीचा भात, त्यात गूळ. कोंडा आहेच. वरातीत चण्याची भिजवलेली डाळ. आजारी पडली तसं वाढवलं, मॅडम. कमी नाही केलं कधी."

डॉक्टरांनी पकड खाली ठेवली. मग हळू आवाजात म्हणाल्या, "त्यानंच होऊन राहिलं, बाई. इतक्या धान्या-गुळानं घोड्याचा खूर आतून सुजते."

टेम्पोनं नागपूरला नेऊन एक्स-रे काढला. खुरातलं हाड टोकाशी खाली कललं होतं. पूर्ण बरी होणार नाही, पण सांभाळता येईल, असं तिथं सांगितलं. धान्य बंद, गूळ बंद, पाण्यात भिजवून निथळलेलं वाळलं गवत, पायाखाली जाड रेती. दर सव्वा महिन्यानं खुराचं टोक कापायचं आणि पुढच्या पायांना नाल उलटी ठोकायची, बंद बाजू टाचेकडे. म्हणजे टाचेला आधार मिळतो आणि दुखरं टोक मोकळं राहतं.

कवडूला हे मानवलं नाही. "चाळीस वर्षं झाले नाल ठोकून राहिलो, मॅडम. उलटी ठोकली तं लोक म्हणतीन, कवडू पिऊन आला."

"पीत नाही तुम्ही?"

"पितो. पण नाल सरळ ठोकतो."

शेवटी त्यानं ठोकली, भर दुपारी, गल्ली झोपलेली असताना. तरी संध्याकाळी लोक मातीतल्या खुणा पाहून विचारत होते, "काय व मंदाबाई, घोडी घरात आली का घरून गेली?"

नालेपेक्षा उपाशी ठेवणं मंदाबाईला कठीण गेलं. भाताचा वास आला की गेंदा बादली आपटायची. सोळाव्या दिवशी मंदाबाईनं मूठभर कणी दिली. दुसऱ्या दिवशी खूर हाताला गरम लागला. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा तिनं लपवलं नाही. "म्याच केलं," ती म्हणाली. त्यानंतर मात्र हात आवरला.

दहा महिन्यांनी डॉक्टरांनी वरातीला परवानगी दिली: किडकिडीत नवरदेव, मातीचा रस्ता, फक्त पावलाची चाल. मोहाडीजवळच्या एका गावात नवरदेवाची आत्या, पार्वताबाई, डाळीचं ताट घेऊन पुढं आली.

"नका चारू, बाई. पायाले बाधते तिच्या."

"अव, घोडी तोंड लावल्याबिगर वरात निघते का? चार दाण्यानं का मरते तुही घोडी?"

"मरते."

पार्वताबाई चिडली. "मंग दुसरी घोडी आणू का आम्ही?"

"आणा. पण गेंदा हे खाणार नाही."

बँड थांबला. गेंदानं ताटाकडं मान लांबवली. मंदाबाईनं लगाम आवळला आणि दुसऱ्या हातानं पदर पसरला. "घोडीचा मान मले द्या. तिले सांभाळते तं मीच ना?"

पार्वताबाईनं तिच्याकडं पाहिलं, गेंदाच्या पायांकडं पाहिलं. "धर, माय," असं म्हणत तिनं सगळं ताट पदरात रिकामं केलं. वरात निघाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चारही खूर थंड होते. मंदाबाईनं ती मानाची डाळ शिजवली आणि दार लावून जेवली. बाहेर गेंदा बादली आपटत होती.